दोन खोल्यांतला रुबिक क्यूब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर आम्ही चौघांनी रुबिक क्यूबचं आणि तो बनवणाऱ्या माणसाचं एक छोटं म्युझियम मांडलंय. पहिल्या दोन आठवड्यांत दारात तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले की एकदाचे लिहून काढावे असं ठरलं. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. घाईतल्यांनी वेळ आणि पार्किंग एवढंच वाचून निघावं.

हे खरंच म्युझियम आहे का?

दोन खोल्या, सात टेबलं, एक फळा आणि एक कुरकुरणारा पंखा. काचेचं कपाट एकच, तेही उघडंच असतं. म्युझियम म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्यातल्या एकाच्या नातीने दारावर खडूने ‘म्युझियम’ लिहिलं आणि मग ते पुसायचं कोणाला सुचलं नाही.

वेळ काय? तिकीट किती?

शनिवार-रविवार, सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ४ ते ८. दुपारी १ ते ४ बंद. यात पुण्याची नक्कल नाही. राखणीला बसणारे आम्ही चौघेही साठी ओलांडलेले आहोत. तिकीट नाही.

गाडी कुठे लावू?

घरी. नौपाड्यात शनिवारी संध्याकाळी पार्किंग शोधणं हे क्यूबपेक्षा अवघड कोडं आहे आणि त्याला उत्तर असेलच याची खात्री नाही. स्टेशनवरून पश्चिमेला उतरून गोखले रोडने चालत या. पावसाचे दिवस आहेत, छत्री दाराशी ठेवलेल्या बादलीत ठेवा. ओल्या छत्रीसकट आत आलात तर टेबल १ वरच्या जुन्या क्यूबचा उरलासुरला रंग निघेल.

मला क्यूब सोडवता येत नाही. मग येऊन काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न आहे, आणि तो विचारताना माणसं थोडी ओशाळलेली असतात. ओशाळू नका. ज्याने हे खेळणं बनवलं, त्यालाही ते आधी सुटत नव्हतं. आमची मांडणीच त्या गोष्टीवर आहे. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना क्यूब सोडवता येत नाही, आमच्या चौघांपैकी दोघांनाही येत नाही.

दारातल्या टेबलावर सुटलेले क्यूब ठेवलेत. एक उचला. उजवी बाजू वर फिरवा, वरची बाजू घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवा, मग उजवी खाली, मग वरची उलट. सगळं एकेक पाव फेरा. या चार चाली ओळीने पुन्हा पुन्हा करत राहा. क्यूब आधी विस्कटतो, मग अजून विस्कटतो, आणि सहाव्या वेळी चार चाली पूर्ण झाल्या की पुन्हा जसाच्या तसा होतो. एवढं केलंत तरी येणं वसूल. मागच्या रविवारी एक आजी हे पाच वेळा करून थांबल्या, ‘आता तर पार बिघडला’ म्हणून क्यूब ठेवायला लागल्या. सूनबाईंनी सहावी फेरी करायला लावली.

हात लावायचा का सगळ्याला?

लावायचाच. फक्त टेबल २ वरचा लाकडी ठोकळा आमच्यापैकी कोणी शेजारी असतानाच उचला.

हे रुबिक कोण? अजून आहेत का?

आहेत. एर्नो रुबिक, जन्म बुडापेस्टला, १३ जुलै १९४४. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, म्हणजे तिकडे ते ‘रुबिक एर्नो’. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखंच. वडिलांचंही नाव एर्नो रुबिकच. ते विमानांचे अभियंता होते आणि त्यांची ग्लायडर प्रसिद्ध आहेत. आई कवयित्री. मुलगा आधी आर्किटेक्चर शिकला, मग अंतर्गत सजावट आणि रचना, आणि पुढे बुडापेस्टच्या उपयोजित कलांच्या संस्थेत शिकवायला लागला. विषयांत एक होता डिस्क्रिप्टिव्ह जिऑमेट्री, म्हणजे त्रिमितीतली वस्तू सपाट कागदावर कशी उतरवायची आणि कागदावरून ती डोक्यात पुन्हा कशी उभी करायची. हाच विषय मी वेगळ्या नावाने शिकवत होतो. वर्गातल्या साठ पोरांपैकी चाळीस जणांना वस्तू ‘दिसत’ नाही, हे दुःख शिकवणाऱ्यालाच कळतं. त्यासाठी मी साबणाच्या वड्या कापून वर्गात नेत असे. या माणसाने हातात धरून फिरवता येईल असं काहीतरी बनवायला घेतलं, हे मला म्हणूनच अजिबात नवलाचं वाटत नाही.

म्हणजे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी क्यूब बनवला, हे खरं आहे तर?

अर्धं खरं. सगळीकडे तसंच छापलेलं असतं आणि आमच्याही पहिल्या फलकावर तसंच होतं. पण रुबिक यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट जरा वेगळी आहे. त्यांच्या डोक्यात आधी बांधणीचा प्रश्न होता: लहान ठोकळ्यांचा एक मोठा ठोकळा करायचा, प्रत्येक लहान ठोकळ्याला आपापली जागा सोडून हिंडता आलं पाहिजे, तरीही सगळं मिळून एकसंध राहिलं पाहिजे, सुटून पडता कामा नये. १९७४ चा वसंत ऋतू होता, वय तिशीच्या आत, आणि काम चाललं होतं आईच्या घरातल्या खोलीत. आधी रबरबँड वापरून पाहिले. ते तुटले. मग त्यांच्या लक्षात आलं की ठोकळ्यांना बाहेरून बांधून चालणार नाही, त्यांच्या आतल्या आकारांनीच एकमेकांना धरून ठेवलं पाहिजे.

बांधणी जमल्यावर प्रत्येक बाजूला एकेक रंग दिला. कोणता तुकडा कुठे जातो ते दिसावं एवढाच हेतू. मग चार-पाच वेळा फिरवलं आणि रंग विस्कटले. मग परत आणायला गेले तर येईनात.

कोडं बनवायला कोणी बसलंच नव्हतं. वस्तू तयार झाली आणि तिच्यात कोडं निघालं. आमच्या सगळ्या टेबलांवर मिळून सांगण्यासारखी गोष्ट मला तरी ही एकच वाटते.

मग त्यांनी स्वतः किती सेकंदात सोडवला?

महिन्याहून जास्त.

सेकंदात विचारणाऱ्या मुलांना हे उत्तर पटत नाही, म्हणून थोडं खुलासेवार. त्यांच्यासमोर कोणाचा व्हिडिओ नव्हता, पुस्तक नव्हतं. हे सुटतं असं छातीठोकपणे सांगणारं जगात कोणी नव्हतं. सहज चाळा म्हणून फिरवत बसून तो पुन्हा जुळण्याची शक्यता जवळजवळ शून्य, हे त्यांना लवकर उमगलं. मग त्यांनी आधी आठ कोपरे जागेवर आणायचे ठरवले आणि बाकीचं न बिघडवता दोन-तीनच तुकडे हलवणाऱ्या चाली शोधत गेले. आज दहा वर्षांचं पोर यूट्यूबवर बघून दोन दिवसांत शिकतं. त्याला कमी लेखायचं नाही, पण तो दिलेला पत्ता शोधतोय. रुबिक गाव आहे की नाही तेच न कळता चालत होते.

टेबल २ वरचा लाकडी क्यूब मूळचा आहे का?

नाही हो. मूळचा आमच्या हॉलमध्ये कसा येईल? हा कळव्याच्या एका सुतारमामांनी सागाच्या तुकड्यांतून बनवलाय. पहिला जो बनवला तो एका बाजूने फिरायचा, दुसरीकडे फिरवला की अडायचा. दुसरा फिरायचा पण टेबलावर ठेवला की मान टाकायचा. तिसऱ्यात आतल्या कडा काटकोनी ठेवायचं सोडून त्यांनी गोलाई दिली, आणि जमलं. रुबिक कोण, बुडापेस्ट कुठे, मामांना काही माहीत नव्हतं. ‘आतून गोल केल्याशिवाय हे फिरणार नाही’ हे वाक्य मात्र त्यांनी लाकडाकडे बघून स्वतः काढलं. पहिले दोन फसलेले ठोकळेही शेजारीच ठेवलेत. तेही बघा, तिसऱ्याइतकेच कामाचे आहेत.

क्यूबच्या आत काय असतं?

सत्तावीस ठोकळे असतील असं वाटतं. बाहेरून दिसतात २६. सत्ताविसाव्याच्या जागी ठोकळा नसून सहा हातांचा एक सांगाडा असतो.

त्या सहा हातांच्या टोकांना सहा मधले तुकडे स्क्रू आणि स्प्रिंगने बसवलेले असतात. ते जागच्या जागी गिरक्या घेतात, जागा कधी सोडत नाहीत. म्हणून पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर नारिंगी ही जोडी कितीही फिरवलं तरी मोडत नाही. कुठली बाजू कुठल्या रंगाची होणार ते मधला तुकडा ठरवतो. नव्याने शिकणाऱ्याला हे कळलं की निम्मी भीती जाते.

कडेचे तुकडे १२, प्रत्येकावर दोन रंग. त्यांच्या पोटाला एक पाय असतो आणि तो मधल्या तुकड्यांच्या खाली अडकतो. कोपऱ्याचे तुकडे ८, तीन-तीन रंगांचे. त्यांचाही पाय असतो, तो कडेच्या तुकड्यांच्या खाली अडकतो. म्हणजे मधल्याने कडेला धरलंय, कडेने कोपऱ्याला धरलंय, आणि कोणी कोणाला चिकटलेलं नाही. फिरवताना पाय एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकतात. टेबल ३ वर उभा चिरलेला क्यूब ठेवलाय, त्यात हे सगळं दिसतं. रंगांचं कौतुक जगाने पुष्कळ केलं. मला विचाराल तर खरा शोध हा आतला आहे, आणि तो बघायला चपट्या स्क्रूड्रायव्हरशिवाय काही लागत नाही.

टेबल ४ वरचा क्यूब माझ्या मुलाला सुटलाच नाही. तासभर बसला होता, रडकुंडीला आला. बिघडलेला क्यूब ठेवलात का?

बिघडलेला नाही, मुद्दाम ‘चुकीचा’ जोडलेला आहे. फलक छोटा होता, माफ करा. आता मोठा केलाय. मुलाला सांगा की तो हरला नाही. तो क्यूब जगातल्या कोणालाच सुटणार नाही.

कारण ऐका. कोणतीही एक बाजू पाव फेरा फिरवली की चार कोपरे एकेक जागा सरकतात आणि चार कडाही एकेक जागा सरकतात. आता लोकलच्या बाकावर चौघे बसलेत असं धरा. खिडकीवाला चौथ्या सीटवर जाणार आणि उरलेले तिघे एकेक जागा खिडकीकडे सरकणार. हे जर दोघा-दोघांनी जागा बदलत करायचं असेल तर तीन अदलाबदली लागतात. करून बघा, सम संख्येत ते बसतच नाही. तर कोपऱ्यांच्या अदलाबदली विषम, कडांच्याही विषम, दोन्ही मिळून सम. कितीही फिरवा, एकूण बेरीज समच राहणार. म्हणून बाकी सगळं जागेवर ठेवून दोनच तुकड्यांची अदलाबदल केलेला क्यूब असेल (टेबलावर तो आहे), तर तो फिरवून कधीच जुळत नाही.

असेच आणखी दोन नियम आहेत. एकच कड उलटी बसलेली असू शकत नाही, उलट्या कडा जोडीनेच येतात. आणि एकच कोपरा जागच्या जागी पिळलेला असू शकत नाही. सगळ्या कोपऱ्यांचे पीळ मिळून पूर्ण फेरे व्हावे लागतात. कोपऱ्यांच्या एकूण पिळाच्या शक्यता तीन, उलट्या कडांच्या दोन, अदलाबदलीच्या दोन: तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा. क्यूबचे तुकडे सुटे करून डोळे मिटून पुन्हा जोडलेत, तर तो सुटण्यासारखा बनण्याची शक्यता बारात एक.

घरी मुलाचा क्यूब शेवटच्या एका कोपऱ्यावर येऊन अडत असेल तर त्याला ओरडण्याआधी बघा. खाली पडताना किंवा जोरात फिरवताना तो कोपरा पिळला गेलेला असतो. हळूच पिळून परत बसवा. ही लबाडी नव्हे, दुरुस्ती.

‘४३ क्विन्टिलियन’ म्हणजे आपल्या हिशेबात किती?

फळ्यावर हा आकडा पुरा लिहिलाय: ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. क्यूबच्या इतक्या वेगवेगळ्या अवस्था होऊ शकतात.

येतो असा: आठ कोपरे आठ जागी ४०,३२० प्रकारे बसतात, आणि प्रत्येकाचे तीन पीळ म्हणून गुणिले ६,५६१. बारा कडा ४७,९०,०१,६०० प्रकारे बसतात, प्रत्येकीच्या दोन तऱ्हा म्हणून गुणिले ४,०९६. सगळ्यांचा गुणाकार करून वर सांगितलेल्या बाराने भागायचं.

कोटी-अब्जात हा मावत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांच्या स्थानांची नावं परार्धापर्यंत जातात, एकावर सतरा शून्यं. तेही पुरत नाही. हा आकडा ४३२ परार्धांच्या वर जातो. दर सेकंदाला एक अवस्था बघत बसलात तर विश्वाचं आजवरचं जे वय आहे, सुमारे १,३८० कोटी वर्षं, त्याच्या शंभर पट वेळ लागेल. एका गृहस्थांनी लगेच विचारलं, ‘चहाची सुट्टी धरून?’

इतक्या अवस्था, मग सोडवायला लाखो चाली लागत असतील?

वीस. जास्तीत जास्त वीस. कितीही वाईट विस्कटलेला असो, वीस चालींत तो सुटतोच, फक्त त्या वीस कोणत्या हे माहीत हवं. बाजूचा पाव किंवा अर्धा फेरा, दोन्हीला एकच चाल धरून हा हिशेब आहे. वीस चाली लागतातच अशी अवस्था आहे, हे १९९५ मध्ये सिद्ध झालं होतं. वीसपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत हे सिद्ध व्हायला २०१० उजाडलं. टोमास रोकिकी, हर्बर्ट कोसिएम्बा, मॉर्ली डेव्हिडसन आणि जॉन डेथ्रिज यांनी ते केलं. एकट्या कॉम्प्युटरला सुमारे ३५ वर्षं लागतील एवढं गणन होतं, ते गुगलच्या रिकाम्या बसलेल्या यंत्रांवर उरकलं. या वीसला ‘देवाचा आकडा’ म्हणतात. आपण माणसं मात्र पन्नास-साठ चालींत सोडवतो, आणि नवशिका शंभराच्या पुढे जातो.

रुबिक यांच्याआधी कोणी असं बनवलं नव्हतं का?

हा प्रश्न एका वकीलबाईंनी विचारला आणि आम्हाला पुन्हा वाचायला बसवलं. अमेरिकेत लॅरी निकोल्स यांना १९७२ मध्ये दोन बाय दोनच्या, म्हणजे एका बाजूला चारच चौकोन असलेल्या कोड्याचं पेटंट मिळालं होतं. त्यात तुकडे लोहचुंबकाने धरलेले होते. इंग्लंडमध्ये फ्रँक फॉक्स यांनी गोलाकार कोड्यासाठी अर्ज केला होता. जपानमध्ये तेरुतोशी इशिगी यांनी १९७६ च्या सुमारास जवळजवळ अशीच यंत्रणा स्वतंत्रपणे काढली. निकोल्स यांच्या कंपनीने पुढे अमेरिकेत दावाही लावला. वरच्या कोर्टात १९८६ मध्ये निकाल लागला तो असा की छोटा दोन बाय दोनचा क्यूब पेटंटमध्ये सापडला, तीन बाय तीनचा त्यातून वाचला.

कल्पना हवेत होती म्हणा. पण चुंबकाशिवाय, आपल्याच आकाराने उभी राहणारी आणि फिरणारी तीन बाय तीनची वस्तू रुबिक यांनी कोणाचं न बघता केली, आणि टेबल ३ बघितल्यावर त्यांचं श्रेय कमी होतं असं मला वाटत नाही. वकीलबाईंचं मत वेगळं पडलं.

हंगेरीतून जगात कसा गेला?

जानेवारी १९७५ मध्ये हंगेरीत पेटंटचा अर्ज केला, नाव दिलं ‘अवकाशातलं तार्किक खेळणं’. १९७७ च्या अखेरीस बुडापेस्टच्या दुकानांत आला तेव्हा नाव होतं जादूचा ठोकळा; हंगेरीत अजून तेच म्हणतात. हे पहिले क्यूब जड होते. तिबोर लात्सी नावाच्या व्यापाऱ्याने १९७९ मध्ये तो न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत नेला, तिथे खेळण्यांच्या व्यवसायातले टॉम क्रेमर यांनी पाहिला, आणि अमेरिकेतल्या आयडियल टॉय कंपनीशी दहा लाख नगांचा करार झाला. कंपनीला ‘जादू’ हा शब्द नको होता, म्हणून १९८० पासून तो रुबिक्स क्यूब.

परदेशी पेटंटसाठी वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, तो वेळेत झाला नाही. त्यामुळे नकला जगभर निघाल्या. आमचं टेबल १ हे त्या चुकलेल्या अर्जाचंच देणं आहे. ऐंशीच्या दशकात ठाणे स्टेशनबाहेर पथारीवर घेतलेला माझा बिननावाचा क्यूब तिथे ठेवलाय. ठाण्याच्या दोन पावसाळ्यांत त्याचे स्टिकर सुटले. वडिलांनी त्याच्या बाजू ऑइलपेंटने रंगवून दिल्या. नारिंगी पेंट घरात नव्हता, म्हणून तो क्यूब एका बाजूने तपकिरी आहे, आमच्या तेव्हाच्या दाराच्या रंगाचा.

स्टिकर काढून लावणं ही फसवणूक का?

हो. आणि आपण सगळ्यांनी ती केली आहे.

विक्रम किती सेकंदांचा आहे?

पहिली जागतिक स्पर्धा बुडापेस्टला १९८२ मध्ये झाली, जिंकणाऱ्या मिन थाय याची वेळ होती २२.९५ सेकंद. २०२३ मध्ये मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांत सोडवला. एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या शुआनयी गेंग या लहान मुलाने ३.०५ नोंदवला. विक्रम मोडत राहतात, तुम्ही वाचेपर्यंत फलक शिळा झालेला असू शकतो. तुमच्या घरातलं पोर आम्हाला दुरुस्त करेलच. स्पर्धेत सुरू करण्याआधी क्यूब बघून घ्यायला १५ सेकंद मिळतात. म्हणजे सोडवण्यापेक्षा बघायला जास्त वेळ, जे मला फार आवडतं.

क्यूब शिकल्याने मुलाचं गणित सुधारतं का?

आईवडील हे विचारतात तेव्हा मूल शेजारीच उभं असतं, क्यूब फिरवत. बिचारं. आम्ही असलं आश्वासन देत नाही. पाठ केलेल्या चाली म्हणजे पाठ केलेल्या चाली. मात्र ‘ही चाल केल्यावर हा तुकडा तिकडे का गेला’ असं मूल विचारायला लागलं, तर ते गणितच करतंय, मार्क मिळोत न मिळोत. तोपर्यंत त्याला खेळू द्या.

कोणता क्यूब घ्यावा?

नवशिक्यासाठी महाग नको. चुंबकाचा, स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येणारा साधा तीन बाय तीन पुरतो. स्टिकरचा घेऊ नका, अंगचाच रंगीत प्लास्टिकचा घ्या. चार बाय चार लगेच घेऊ नका. त्यात मधले तुकडे जागेवर थांबत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेला आधारच जातो.

आमचा क्यूब अडकतो. दुरुस्त कराल?

रविवारी संध्याकाळी करतो. घरी करायचा असेल तर सिलिकॉनचं तेल दोन थेंब. खोबरेल नको, शिलाई मशीनचं नको. एका घरून देवापुढच्या दिव्याचं तेल घातलेला क्यूब आला होता, त्याला बेसन लावून धुवावा लागला.

दृष्टी नसलेल्यांना किंवा रंग नीट न ओळखता येणाऱ्यांना काही आहे का?

टेबल ६ पूर्ण त्यासाठीच आहे. एका क्यूबच्या सहा बाजूंवर सहा प्रकारचे उंचवटे आहेत, बोटांनी ओळखायचे. शेजारी आरशासारखा चंदेरी क्यूब आहे, त्यात रंग एकच, तुकडे मात्र वेगवेगळ्या जाडीचे. तो आकारावरून सोडवायचा. गेल्या शनिवारी एका दृष्टिहीन तरुणाने तो हातात घेऊन बारा मिनिटं फिरवला आणि जुळवून परत दिला. नंतर डोळसांपैकी चौघांनी प्रयत्न केला. अजून तो तसाच विस्कटलेला आहे.

खऱ्या मोठ्या म्युझियममध्ये क्यूब कधी मांडला गेलाय का?

हो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियमच्या संग्रहात तो आहे. आणि क्यूबच्या चाळिशीला, २०१४ मध्ये, अमेरिकेत जर्सी सिटीच्या लिबर्टी सायन्स सेंटरमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन उघडलं. तिथे सोन्यात माणकं-पाचू जडवलेला, २५ लाख डॉलर किमतीचा सांगितला जाणारा क्यूब होता. फिरायचाही म्हणे. आमच्याकडे त्याच्या तोडीचं काही असेल तर तो तपकिरी बाजूचा क्यूब, असं मी म्हणतो. बाकी तिघे हसतात.

आमच्याकडे माळ्यावर जुना क्यूब आहे. घ्याल का?

मोडका असेल तर नक्की. फक्त कोणाचा होता, कुठे घेतला, सुटला होता का, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. आतापर्यंत अकरा आलेत, त्यातल्या सात चिठ्ठ्यांवर ‘एकच बाजू जमली होती’ असं लिहिलंय.

१३ जुलैला काही खास आहे का?

रुबिक यांचा वाढदिवस. त्या दिवशी वार कोणताही असो, हॉल संध्याकाळी उघडा असेल. भाषण नाही, केक नाही. दारातल्या टेबलावरचे सगळे क्यूब विस्कटून ठेवू, येईल त्याने एकेक घेऊन बसायचं. चहा आहे. लोकल बंद पडल्या तर जे चालत येतील त्यांच्यासाठी चहा दुसऱ्यांदा ठेवू.

मुलगा निघायलाच तयार नाही, काय करू?

आठला आम्ही दिवे घालवतो. तोवर बसू द्या.